बाबा घरी येणार, तेव्हा मी कुठे असणार?

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून ते थोडक्यात देतो. मिस्टर फौजेत हवालदार आहेत, सध्या फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा पोस्टिंगवर. एकुलता मुलगा ११ वर्षांचा. यंदा प्रवेश परीक्षा पास होऊन तो महाराष्ट्राबाहेरच्या एका सैनिकी निवासी शाळेत सहावीत गेला. गल्लीत पेढे वाटले गेले, आबाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मिशांना पीळ दिला. पण आता दर रविवारी फोन आला की मुलगा रडतो. ‘आई, मला घेऊन जा’ यापलीकडे बोलणं सरकत नाही. मिस्टरांचं म्हणणं, ‘होस्टेलात रडल्याबिगर कोणी घडत नाही, त्याला ऑफिसर व्हायचं आहे.’ मिस्टर पुढच्या वर्षी २४ वर्षांची नोकरी संपवून पेन्शनवर घरी येणार आहेत. पहिल्या सुट्टीत आलेला मुलगा एकदा म्हणाला, ‘बाबा घरी येतील तेव्हा मी इथं नसणार ना?’ हे त्यांनी मिस्टरांना सांगितलेलं नाही. त्यांचे प्रश्न तीन: मुलाला परत आणू का? आणला तर त्याचं ऑफिसर होणं संपलं का? आणि मी कमजोर आई आहे का?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. शाळा, सासर, मिस्टरांचा राग हे सगळं पहिल्या साडेतीन पानांत आहे. मुलाचं ते वाक्य शेवटच्या अर्ध्या पानात, तेही ‘असंच एकदा म्हणाला’ म्हणून. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे.

जरा हिशोब मांडू. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी असते, वर थोडी किरकोळ रजा. ती दिवाळीतच मिळेल किंवा एका दमात मिळेल याची हमी नाही. तुमच्या मुलाने आजवर बाप पाहिला तो एवढाच. आता बाप कायमचा घरी येणार आणि मुलगा सुट्टीपुरता. बारावीपर्यंत तो तिथे राहिला, मग घरच्यांच्या मनासारखं झालं, तर पुढे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तीन वर्षं आणि त्यावर लष्करी अकादमीचं एक. त्यानंतर तो स्वतःच फौजेत. मग हे बाप-लेक एका छताखाली सलग राहायचे कधी? कागदावर तरी याचं उत्तर ‘कधीच नाही’ असं येतं. अकरा वर्षांच्या पोराला हे आपणहून कळलं आणि घरातल्या चार मोठ्या माणसांपैकी कोणी मांडलं नाही, याचं मला नवल वाटलं.

आणि हे तुम्ही मिस्टरांपासून लपवलंत, कारण तिकडे ड्यूटीवर त्यांचं मन विचलित होईल. फौजी घरांत ही रीतच आहे. सासूला सलाइन लावलं असलं तरी फोनवर ‘इकडे सगळं ठीक आहे’. कामठीत विचारा, वायुसेना नगरात विचारा, हेच ऐकू येईल. त्या रीतीला कारण आहे, मी तिची टिंगल करत नाही. पण इथे तिने घोटाळा केला आहे. मिस्टरांच्या कानावर येतं ते फक्त ‘पोरगा रडून राहिला’. रडण्यावर त्यांच्याकडे उत्तर तयार आहे. रिक्रूट असताना त्यांनाही कुणा उस्तादाने तेच ऐकवलं असणार. मुलाला घरी बाप हवा आहे, यावर त्यांना काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तो प्रश्न त्यांच्यापर्यंत गेलेलाच नाही. २४ वर्षं फौजेत काढलेला माणूस एवढं ऐकून कोलमडत नाही, ताई.

म्हणून पहिलं काम हे. ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा, आपलं मत न जोडता. ‘बघा, मी म्हणतच होते’ हा सूर लागला की बोलणं तिथेच संपेल. फोनला रेंज धड नसेल तर चिठ्ठी लिहा. केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, हा फौजी टपालाचा पत्ता, लिहिलेली टपालं अजूनही पोचतात, आणि चिठ्ठी माणूस रात्री पुन्हा वाचतो.

त्याच चिठ्ठीत त्यांना एक प्रश्नही विचारा: पेन्शननंतर तुम्ही काय करणार? तुमच्या चार पानांत याचा एक शब्द नाही, आणि माझ्या मते सगळं इथे येऊन अडतं. हवालदार पेन्शनवर येतो तेव्हा तो चाळिशीतला धडधाकट माणूस असतो, घरी बसत नाही. कोणी बँकेत गार्ड होतो, कोणी एजन्सीत सुपरवायझर, कोणी रेल्वेच्या किंवा राज्याच्या भरतीचे फॉर्म भरतो. बरेच जण डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती होतात. डीएससी म्हणजे पुन्हा पोस्टिंग आलं. तुम्ही मुलाला शाळेतून काढून घरी आणायचं आणि सहा महिन्यांत मिस्टरांनी ट्रंक बांधून कुठल्यातरी डेपोवर रुजू व्हायचं, असं झालं तर मुलाच्या हातचं दोन्ही जाईल. बाप घरी राहणार असेल तरच बापासाठी मुलाला आणण्यात अर्थ आहे.

अजून एक, तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पेन्शनवर आलेल्या फौजीचं घरातलं पहिलं वर्ष फारसं गोड नसतं. गॅस सिलिंडरपासून मुलाच्या गणवेशापर्यंत सगळं तुम्ही एकटीने पाहिलं, आता त्यात एक माणूस येऊन ‘हे इथं का ठेवलं?’ विचारणार. मुलाच्या मनात बाबा घरी येणं म्हणजे रोज संध्याकाळी अंबाझरीला फिरायला जाणं असेल. प्रत्यक्षात सकाळी पाचला उठवून पळवायला नेणारे बाबाही असू शकतात. मुलाला घाबरवायला हे सांगत नाही. तुम्ही दोघांनी आधी बोलून ठेवावं, एवढ्यासाठी सांगतो.

आता रविवारच्या रडण्याबद्दल. होस्टेलच्या पहिल्या वर्षी मुलं आईचा आवाज ऐकून रडतात आणि फोन ठेवून दहा मिनिटांत फुटबॉलच्या मागे धावतात. आईचा मात्र अख्खा आठवडा त्या दहा मिनिटांत अडकतो. तुमच्या मुलाचं रडणं यातलं आहे की वेगळं, हे फोनवरच्या ‘कसा आहेस’ने कळणार नाही. त्याला बारीकसारीक विचारा. मेसमध्ये शेजारी कोण बसतं? पलंगाच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण? संध्याकाळच्या प्रेपला, म्हणजे अभ्यासाच्या तासाला, सर असतात की सीनियर? लाइट बंद झाल्यावर काय होतं? सीनियर कामं सांगतात का, कुठली? दोन-तीन मित्रांची नावं पटकन आली आणि कुणाच्या तरी वेंधळेपणावर तो हसला, तर त्याला घरची ओढ आहे आणि ती हळूहळू सोसवेल.

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत त्याच्या ट्रंकेतून तीन बनियन कमी निघाले आणि मोजे दुसऱ्याच कुणाचे, ज्यावर तुम्ही रात्र रात्र बसून लाल दोऱ्याने रोल नंबर विणला होता ते एकही नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही, होस्टेलात मोजे सार्वजनिकच असतात. पाच मिनिटांत जेवून, ताट उचलून ‘मे आय गो’ विचारणंही तसंच. त्या जेवणाचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं. पण सुट्टीवर आलेले तुमचे मिस्टर किती वेळात जेवतात, आठवून बघा.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. आधी नव्हतं आणि आता अंथरूण ओलं होणं. एका विशिष्ट नावाला दचकणं. प्रत्येक वेळी पैसे संपलेले असणं. अंगावरच्या वळाला ‘पडलो’ एवढंच उत्तर. रात्रीबद्दल विचारलं की गप्प होणं. जीव नकोसा झाल्याची भाषा. यातलं काहीही दिसलं तर मिस्टरांच्या सुट्टीची वाट पाहू नका, सासऱ्यांची परवानगी मागत बसू नका. गाडी पकडा, शाळेत जा, मुलाला बाहेर घेऊन एकट्याने बोला, मग हाउसमास्टर आणि प्राचार्यांना भेटा आणि लेखी द्या. मारहाण, छळ किंवा नको तिथे हात लावणं असं काही निघालं तर ऑफिसर होण्याची चर्चा त्या क्षणी बंद. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कुठूनही लागते.

असं काही नसेल, आणि तुमच्या पत्रावरून मला नाही असंच वाटतं, तर हाउसमास्टरांना कामाच्या दिवशी फोन करा. रविवारी तेही शंभर पालकांना तोंड देत असतात. ‘माझा मुलगा रडतो’ असं सांगण्यापेक्षा ‘तो बाकीच्या सहा दिवसांत कसा असतो?’ असं विचारा. मेट्रन असतील तर त्यांच्याशी बोला, पोरांचं खरं त्यांना जास्त माहीत असतं.

दुसऱ्या प्रश्नाला येतो. परत आणला तर ऑफिसर होणं संपलं का?

नाही. एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. बारावीला असलेला किंवा बारावी झालेला कोणीही वयात बसत असेल, म्हणजे साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, तर तिला बसू शकतो. लेखीचे ९०० गुण, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. मग एसएसबीचे, म्हणजे मुलाखत आणि चाचण्या घेणाऱ्या निवड मंडळाचे, ९००. फॉर्मवर तुमची शाळा सैनिकी होती का, याला गुण नाहीत. सैनिकी शाळेचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. इंग्रजीची भीड चेपते, शरीर कमावलं जातं, दहा जणांसमोर उभं राहून बोलता येतं, आणि एसएसबीत हे दिसतं. पण ते कमवायला तेच एक ठिकाण आहे, हे खरं नाही.

मधले रस्तेही आहेत. चंद्रपूरची सैनिक स्कूल २०१९ मध्ये सुरू झाली, बल्लारपूरच्या बाजूला. नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून मुलाला भेटून रात्री घरी येता येईल इतकी जवळ. तिथे सहावीशिवाय नववीतही रिकाम्या जागांवर प्रवेश होतो, त्यासाठी वय १३ ते १५ लागतं, आणि सैनिकांच्या मुलांना राखीव जागा आहेत. दहावीनंतर राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, जिला सगळे एसपीआय म्हणतात. ती १९७७ पासून मुलांना एनडीएसाठीच तयार करते. भोसला मिलिटरी स्कूलची शाखा तर नागपुरातच आहे. म्हणजे अकराव्या वर्षी बंद झालेलं दार पुढे उघडतच नाही, अशी गत नाही.

पण याची दुसरी बाजूही पाहा. या शाळांत मधल्या इयत्तांमध्ये सहसा प्रवेश मिळत नाही. सोडलेली जागा ‘आता पुन्हा द्या’ म्हणून सातवीत मिळणार नाही. म्हणून वर्षाच्या मध्ये, रविवारच्या फोननंतर, तावातावाने निर्णय घेऊ नका.

आणि मिस्टरांच्या हट्टाकडे थोडं त्यांच्या जागेवरून बघा. आज ज्यांना राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणतात, त्यातली देशातली पहिली शाळा १९२५ मध्ये जालंधरला निघाली. तीच पुढे हिमाचलातल्या चैलला गेली. मग अजमेर, बेळगाव, बेंगळुरू, आणि १९६२ मध्ये धौलपूर. मुळात त्या जवानांच्या पोरांसाठी होत्या. अधिकाऱ्यांच्या आणि सिव्हिलियन लोकांच्या मुलांना त्या १९५२ मध्ये खुल्या झाल्या. आजही त्यांच्या ७० टक्के जागा जेसीओ, म्हणजे सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी, आणि जवान यांच्या मुलांसाठी असतात. २४ वर्षं सॅल्यूट ठोकलेल्या माणसाला आपल्या पोराच्या खांद्यावर तारा बघायचा असेल तर त्यात वावगं काही नाही. मुलासाठीही त्या जागेत एक सोय आहे, जी मानेवाड्याच्या शाळेत नव्हती. तिथे शेजारच्या पलंगावरच्या मुलाचे बाबाही फील्डमध्ये असतात. पालक सभेला वडील का येत नाहीत, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हे त्याला अजून जाणवलं नसेल. वर्षभरात जाणवेल.

पैशांचं एक लक्षात ठेवा, कारण याचा विचार घरोघरी उशिरा होतो. नोकरीत असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला, त्यात फौजीही आले, घरापासून किमान ५० किलोमीटर दूरच्या निवासी शाळेसाठी होस्टेल सबसिडी मिळते. १ जानेवारी २०२४ पासून ती महिन्याला ८,४३७ रुपये ५० पैसे आहे. निवृत्तीनंतर ती चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतच. म्हणजे ज्या वर्षी पगाराची पेन्शन होईल त्याच्या पुढच्या वर्षी ही रक्कमही बंद. मिस्टरांना युनिटच्या क्लार्ककडे बसून सगळं आत्ताच समजून घ्यायला सांगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही तुम्ही एक चक्कर मारा. माजी सैनिकांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांची माहिती तिथे मिळते. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहंही आहेत, काटोल-उमरेडकडच्या ज्या वाचकांना पोरांना शिकायला शहरात ठेवायचं आहे त्यांनी तीही बघावीत.

आता माझं मत, कारण तुम्ही ते विचारलंय. हे वर्ष मुलाला पुरं करू द्या, पण ‘सवय होईल’ म्हणून त्याची समजूत काढू नका. त्याला तारीख द्या. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण तिघं बसून ठरवू, तुझं मत विचारल्याशिवाय ठरणार नाही’ असं सांगा आणि ते पाळा. शेवट ठाऊक असला की अकरा वर्षांचं पोरही पुष्कळ काढतं. ‘पुढच्या महिन्यात नेते’ हे मात्र रडणं थांबवायला म्हणूनसुद्धा म्हणू नका. पुढचा महिना आला की तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास उरणार नाही. उन्हाळ्यात मिस्टर नागपुरातच राहणार हे नक्की झालं असेल आणि मुलगा तेव्हाही शांतपणे, न रडता, ‘मला घरी राहायचं आहे’ म्हणाला, तर त्याला आणा. मी तुमच्या जागी असतो तर आणलं असतं. मिस्टरांचं नक्की नसेल तर त्याला आहे तिथे राहू द्या आणि दर सुट्टीत पुन्हा विचारा. मुलगाच म्हणाला, ‘राहतो, माझे मित्र आहेत’, तर तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या, पण त्याला कळू देऊ नका.

गल्लीत पेढे वाटले गेले, आता परत आणलं तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. लोक आठवडाभर म्हणतील. मग मारबतीची मिरवणूक येईल किंवा कुणाचं लग्न मोडेल, आणि तुमचा विषय संपेल.

तिसरा प्रश्न कमजोर आईचा. मिस्टर नसताना प्रवेशाचा फॉर्म तुम्ही भरलात, परीक्षेला तुम्ही नेलंत, इतक्या दूर सोडायला गेलात आणि एकट्या परत आलात. या प्रश्नावर मी जास्त शाई घालवत नाही. एकच विचारतो. संध्याकाळी घर खायला उठतं, असं तुम्ही लिहिलंय. मुलाला परत आणण्याच्या इच्छेत ते थोडं मिसळलेलं आहे का? असलं तर त्यात लाज नाही, पण त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो अकरा वर्षांच्या मुलाकडून होणार नाही. आबाजींशीच बोलून बघा. मिशांना पीळ देणाऱ्या म्हाताऱ्यालाही नातू नसलेलं घर जाणवत असेल.

ज्यांच्या घरी यंदा असे फॉर्म भरायचं चाललंय त्यांना जाता जाता दोन शब्द. मुलगा आधी आईशिवाय आठ दिवस मावशीकडे किंवा काकाकडे राहिला आहे का, ते बघा. नसेल तर ठेवून बघा. स्वतःचे कपडे धुवायला, बूट पॉलिश करायला आणि ‘मला बरं वाटत नाही’ हे मोठ्या माणसाला न लाजता सांगायला शिकवा. गणिताच्या क्लासइतकंच हे लागतं. आणि वडिलांची नोकरी किती उरली आहे, ते त्या फॉर्मसोबतच एका कागदावर मांडा.

ताई, शेवटचं एक काम तुमच्याकडे. मिस्टर नोकरी संपल्यावर डिस्चार्जसाठी रेजिमेंटच्या सेंटरला जातील तेव्हा त्या आधी किंवा नंतर, जसं जमेल तसं, त्यांनी शाळेत जाऊन मुलाला भेटावं, तेही एकट्याने. त्यासाठी आउटपासचा, म्हणजे मुलाला शाळेबाहेर नेण्याच्या परवानगीचा, अर्ज आधी द्यावा लागेल. शाळेच्या रेकॉर्डवर पालक म्हणून त्यांचा फोटो आणि सही आहे का, तेही आत्ताच विचारून ठेवा. फॉर्म तुम्ही भरला होता, बहुतेक फक्त तुमचाच असेल.